पेशीअंगकांमधली देवाणघेवाण

पेशीतली पटल (पातळ आवरण) असलेली अंगकं, म्हणजे केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, तंतुकणिका वगैरे, एकमेकांना माल कसा पोचवतात त्याची ही नोंद. प्रत्येकाचं काम शाळेच्या पुस्तकात असतंच, ते परत सांगत बसत नाही.

नेहमीचा रस्ता असा: केंद्रकातून आरएनए बाहेर येतो, जालिकेला चिकटलेल्या रायबोसोमवर प्रथिन बनतं आणि बनता बनताच जालिकेच्या आत सरकतं, तिथे त्याची घडी बसते, मग पुटिकांमधून (पटलाच्या इवल्याशा पिशव्यांमधून) गॉल्गीत आणि पुढे लयकारिकेत किंवा पेशीबाहेर. हा क्रम जॉर्ज पॅलाड आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात स्वादुपिंडाच्या पेशींना किरणोत्सारी अमिनो आम्ल देऊन, ते किती मिनिटांनी कुठे दिसतं ते बघत पक्का केला. लयकारिकेच्या बहुतेक एन्झाइम्सवर गॉल्गीत मॅनोज-६-फॉस्फेटचा, म्हणजे फॉस्फेट जोडलेल्या एका साखरेचा, शिक्का बसतो, तो बसवणारं एन्झाइम बिघडलं की माल चुकून पेशीबाहेर पडतो, यालाच आय-सेल रोग म्हणतात.

गॉल्गीवरून मात्र भांडणं फार. आधी तर ते आहे का इथपासूनच सुरुवात, कारण कामिल्लो गॉल्गीने १८९८ मध्ये घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत चांदीच्या क्षाराने रंगवून दाखवलेली जाळी बऱ्याच जणांना रंगवण्यातलाच घोळ वाटायची. १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने तो वाद मिटवला.

दुसरा वाद जास्त चिवट: गॉल्गी म्हणजे पटलाच्या चपट्या पोकळ चकत्यांची चळत, तर माल तिच्या एका चकतीतून पुढच्या चकतीत जातो कसा? एक मत असं की चकत्या जागच्या जागी राहतात आणि पुटिका माल पुढे नेतात, जेम्स रॉथमन यांच्या परीक्षानळीतल्या प्रयोगांमुळे १९८० नंतर हेच जास्त चाललं. दुसरं मत, चकतीच माल घेऊन पुढे सरकते, हळूहळू बदलते, आणि पुटिका फक्त एन्झाइम्स मागे आणतात. आता कोलॅजेन या पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाची कच्ची दांडी साधारण ३०० नॅनोमीटर लांब आणि पुटिका बहुधा १०० च्या आतल्या, मग ती त्यात मावणार कशी, हा प्रश्न पहिल्या मताला अडचणीचाच. २००६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी जिवंत यीस्टमध्ये एकाच चकतीवरची प्रथिनं बदलताना पाहिली, तेव्हापासून पारडं दुसऱ्या मताकडे झुकलंय आणि ते बरोबरच वाटतं, तरी सस्तन प्राण्यांच्या पेशींत दोन्ही थोडंथोडं चालत असावं असं मानणारेही आहेत.

तंतुकणिका या रांगेत नाही. तिची बहुतेक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून पेशीद्रवात बनतात आणि थेट आत ओढली जातात, माणसात तिच्या स्वतःच्या डीएनएवरून जेमतेम १३ बनतात. जालिकेशी तिचं नातं पुटिकांचं नाही, शेजाराचं: दोन्ही पटलं साधारण १० ते ३० नॅनोमीटरवर येतात, चिकटून एक होत नाहीत, आणि त्या फटीतून मेद आणि कॅल्शियम इकडून तिकडे जातं.