दिव्यांग बालके व काळजीवाहक यांची हक्क-चळवळ

शारीरिक, बौद्धिक, संवेदनिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिक्षण, उपचार व कुटुंबात वाढण्याचा हक्क मिळावा, आणि त्यांची देखभाल करणाऱ्या घरच्या माणसांना उत्पन्न, विश्रांती व नोकरीत संरक्षण मिळावे, यासाठी झालेले संघटित प्रयत्न. काळजीवाहक या शब्दाने येथे मुख्यतः आई, वडील, आजी-आजोबा व भावंडे अभिप्रेत आहेत. पगारी परिचारिका व मदतनीस यांचे प्रश्न कामगार चळवळीच्या कक्षेत येतात. युनिसेफच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात सुमारे २४ कोटी मुले दिव्यांग आहेत, म्हणजे दर दहा मुलांमागे साधारण एक.

चळवळीचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. अमेरिकी लेखक तो बहुधा ओहायो राज्यातील कायाहोगा परगण्यात शोधतात. शाळेने नाकारलेल्या मुलांच्या पाच मातांनी तेथे १९३३ च्या सुमारास एक मंडळ स्थापन केल्याची नोंद आढळते. ब्रिटिश परंपरेत १९४६ हे वर्ष धरले जाते. त्या वर्षी जूडी फ्राइड या मातेने ‘नर्सरी वर्ल्ड’ या नियतकालिकात पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून उभी राहिलेली संघटना पुढे मेनकॅप या नावाने प्रसिद्धीस आली. कॅनडात १९४८ मध्ये टोरोंटोच्या एका दैनिकात एका आजीने लिहिलेल्या पत्राला हाच मान देतात. अमेरिकेतील विखुरलेल्या पालकगटांची राष्ट्रीय संघटना मात्र १९५० मध्ये मिनीॲपोलिस येथे झाली. या सर्व गटांच्या मुख्य मागण्या शाळा, प्रशिक्षण केंद्रे आणि निवासी संस्थांतील सुधारणा या होत्या. पालकाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यांत दुय्यमच राहिला.

दुसरा पक्ष आरंभबिंदू १९६३ मध्ये मानतो. आईवडिलांच्या सेवेसाठी आपले काम सोडावे लागलेल्या मेरी वेब्स्टर या ब्रिटिश धर्मोपदेशिकेने त्या वर्षी वृत्तपत्रांना पत्रे लिहून अशा अविवाहित स्त्रियांची स्थिती मांडली. प्रतिसाद मोठा मिळाला आणि १९६५ मध्ये त्यांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. या परिषदेचा दिव्यांग मुलांशी थेट संबंध नव्हता, या कारणाने काही अभ्यासक तिला या इतिहासातून वगळतात. तथापि घरातील देखभाल हेही काम असून ते करणाऱ्याचा शासनावर स्वतःचा दावा असतो, ही कल्पना स्पष्ट रूपात येथेच पुढे आलेली दिसते. म्हणून चळवळीचे उगम दोन मानणे आणि ते पुढे एकत्र आले असे म्हणणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

हे दोन प्रवाह प्रथम जवळ आले ते बहुधा थॅलिडोमाइड प्रकरणात. गर्भवती स्त्रियांना दिले जाणारे हे औषध १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आले व १९६१ च्या अखेरीस मागे घेण्यात आले. तोवर अनेक देशांत हजारो मुले अवयवदोषांसह जन्मली होती. ब्रिटनमध्ये पालकांचा न्यायालयीन लढा दहा वर्षे रेंगाळला. १९७२ मध्ये ‘संडे टाइम्स’ने मोहीम उघडल्यानंतर भरपाईची रक्कम वाढली. त्याच ओघात १९७३ मध्ये तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या कुटुंबांना थेट साहाय्य देणारा ‘फॅमिली फंड’ निघाला. धुलाईयंत्र, अंथरूण-पांघरूण, प्रवास, सुटी अशा गोष्टींसाठी मिळणाऱ्या या साहाय्यात मुलाची गरज आणि आईचे कष्ट वेगळे काढता येत नव्हते.

शिक्षणाच्या आघाडीवर निर्णायक बदल १९७० च्या दशकात झाले. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने काही मुलांना शाळेत शिकण्यास असमर्थ ठरवण्याची सोय ठेवली होती. ती १९७० च्या कायद्याने रद्द झाली आणि एप्रिल १९७१ पासून कोणतेही मूल शिक्षणव्यवस्थेबाहेर राहिले नाही. निदान कायद्याच्या भाषेत तरी. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील पालकसंघटनेने राज्य सरकारविरुद्ध दावा लावून १९७१-७२ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा मिळवला. कोलंबिया जिल्ह्यातील, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनमधील, मिल्स खटल्यात (१९७२) न्यायालयाने असे ठरवले, की पैसा अपुरा असला तरी त्याची झळ एकट्या दिव्यांग मुलांवर टाकता येणार नाही. या दोन निर्णयांच्या पायावर १९७५ चा शिक्षणविषयक संघराज्यीय कायदा उभा आहे. मुलागणिक शिक्षण-आराखडा, पालकांची संमती आणि निर्णयाविरुद्ध सुनावणी मागण्याची मुभा ही त्याची वैशिष्ट्ये. ही मुभा मुलाच्या वतीने वापरायची की ती पालकाचीही स्वतःची आहे, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत राहिला. विंकलमन खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने पालकांचे हक्क स्वतंत्र असून वकील न देताही ते दावा चालवू शकतात, असा निर्वाळा दिला.

काळजीवाहकांच्या भत्त्याचा इतिहास याहून वाकडातिकडा आहे. ब्रिटनने १९७६ मध्ये असा भत्ता सुरू केला, पण विवाहित व पुरुषासोबत राहणाऱ्या स्त्रियांना त्यातून वगळले. त्या तशाही घरीच असतात, हे त्यामागील गृहीतक. म्हणजे दिव्यांग मुलांच्या बहुतेक माता बाहेरच राहिल्या. आईच्या देखभालीसाठी काम सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने (म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या न्यायालयाने) जून १९८६ मध्ये हा भेद सामाजिक सुरक्षेतील समान वागणुकीच्या निर्देशाशी, म्हणजे सदस्य देशांवर बंधनकारक असलेल्या युरोपीय नियमाशी, विसंगत ठरवला. निकालाच्या तोंडावर सरकारने नियम बदलण्याचे जाहीर केले होते.

अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाचा कायदेशीर विकास म्हणजे संबंधाधारित भेदभावाची संकल्पना. व्यक्ती स्वतः दिव्यांग नाही, पण दिव्यांग व्यक्तीशी असलेल्या नात्यामुळे तिला वाईट वागणूक मिळते, अशी ही स्थिती. कोलमन खटल्यात एका विधी कार्यालयातील सचिव २००२ मध्ये श्वसनाचा गंभीर विकार असलेल्या मुलाची आई झाली. इतर पालकांना मिळणारी वेळेची लवचिकता आपल्याला नाकारली गेली आणि मुलावरून अपमानास्पद बोलणी ऐकावी लागली, अशी तिची तक्रार होती. युरोपीय न्यायालयाच्या महापीठाने १७ जुलै २००८ रोजी सांगितले, की २००० च्या रोजगारविषयक निर्देशातील प्रत्यक्ष भेदभाव व छळ यांवरील बंदी केवळ दिव्यांग कर्मचाऱ्यापुरती मर्यादित नाही. संरक्षण व्यक्तींच्या विशिष्ट गटाला नसून दिव्यांगत्व या कारणाला आहे. तत्त्व मोठे होते, पण त्याची कक्षा अरुंद होती. कामाच्या वेळा बदलून देण्यासारखी वाजवी सोय करण्याचे मालकाचे कर्तव्य दिव्यांग व्यक्तीपुरतेच आहे, असे त्या निकालाच्या विवेचनावरून वाचले गेले. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने हेन्सवर्थ खटल्यात (२०१४) डाऊन संलक्षण असलेल्या मुलीच्या आईची बदलीची मागणी याच आधारे फेटाळली.

परिणामी आईला कोणी टोचून बोलले तर दाद होती, पण तिला सकाळची पाळी नाकारली तर नव्हती. आणि व्यवहारात नोकरी सुटते ती बहुधा पाळीवरून. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न बर्विडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इटलीतील प्रकरणात झाला. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी कामाच्या ठरावीक वेळा मागणाऱ्या आईबाबत युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये असे ठरवले, की अप्रत्यक्ष भेदभावावरील बंदीही संबंधाधारित असू शकते आणि मालकावर असह्य बोजा पडत नसेल तर काळजीवाहक कर्मचाऱ्यालाही वाजवी सोय दिली पाहिजे. मूळ निर्देश दिव्यांग व्यक्तींसाठी असल्याने हा अर्थ ताणलेला आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु आईची सोय ही शेवटी मुलाच्याच हक्काचे साधन आहे, हा न्यायालयाचा धागा अधिक पटणारा वाटतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद २३ दिव्यांग मुलांविषयी आहे. त्यात काळजी घेणाऱ्यांना साहाय्य देण्याचाही उल्लेख येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीची संहिता १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारली गेली. तिचा अनुच्छेद ७ मुलांना स्वतःचे मत मांडण्याचा हक्क देतो, तर अनुच्छेद २८ गरिबीत राहणाऱ्या कुटुंबांच्या संदर्भात काळजीवाहकाला तात्पुरती उसंत देणाऱ्या सेवेची दखल घेतो. काळजीवाहक मात्र त्या संहितेत स्वतंत्र हक्कधारक नाही.

हे विस्मरण नसून त्यामागे जुना वैचारिक वाद आहे. दिव्यांग व्यक्तींच्या स्वतःच्या संघटना ‘आमच्याविना आमच्याविषयी काही नको’ या भूमिकेतून पालकसंघटनांकडे संशयाने पाहत आल्या आहेत. जेनी मॉरिस यांच्यासारख्या दिव्यांग स्त्रीवादी लेखिकेने दाखवून दिले, की काळजीवाहकाच्या ओझ्याची भाषा बोलताना दिव्यांग माणूस स्वतः त्या ओझ्याच्या जागी बसवला जातो. उलट बाजूने, दिव्यांग मुलीची आई असलेल्या तत्त्वज्ञ ईव्हा किटे यांनी असे मांडले, की दुसऱ्याची देखभाल करणाऱ्यालाही कोणीतरी सांभाळले पाहिजे आणि ही जबाबदारी समाजाची आहे. दोन्ही मते परस्परविरोधी आहेतच असे नाही. पण हितसंबंध खरोखर आदळतात तेव्हा काय होते, हे सिॲटलमधील ‘ॲशली’ प्रकरणातून दिसले. तीव्र मेंदूविकार असलेल्या मुलीला घरी सांभाळणे शक्य राहावे म्हणून आईवडिलांच्या संमतीने तिची वाढ संप्रेरकांनी रोखण्यात आली व गर्भाशय काढण्यात आले. न्यायालयाच्या परवानगीविना केलेली ही गर्भाशयाची शस्त्रक्रिया २००७ च्या चौकशीत बेकायदेशीर ठरली.

घरच्या माणसाला मोबदला द्यावा की नाही, हा आणखी एक न सुटलेला प्रश्न. न्यूझीलंडमध्ये प्रौढ दिव्यांग अपत्यांची देखभाल करणाऱ्या पालकांना, केवळ ते नातेवाईक आहेत म्हणून, मोबदला नाकारणे भेदभाव आहे, असा निकाल अपील न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून मोबदला मर्यादित केला आणि न्यायालयात जाण्याची वाट आखडली. तो भाग २०२० मध्ये रद्द झाला. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने काळजीवाहकाच्या व्याख्येत आईवडील व कुटुंबीय यांचा, मोबदला घेणाऱ्या वा न घेणाऱ्या, स्पष्ट समावेश केला आहे; तसेच अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद त्यात आहे. दिव्यांग मुलाच्या नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारण्याचा प्रश्न एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला, तेव्हा स्त्रियांचा रोजगारातील सहभाग ही घटनात्मक गरज असल्याचे सांगून न्यायालयाने हिमाचल प्रदेश सरकारला रजेच्या नियमांचा फेरविचार करण्यास सांगितले. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार काळजीवाहक कर्मचाऱ्याला वर्षाला किमान पाच दिवस रजा मिळते. ती पगारी असावी, असे बंधन मात्र त्यात नाही.