कंपवात : विजेची तार आणि पेशींचे रोप

खानापूर तालुक्यातल्या आमच्या थोरल्या मामांच्या हातात कपबशी दिली की ती किणकिणायला लागते. मामी आता त्यांना स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच भरून चहा देतात. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या केंद्राने ‘स्टेम सेलची इंजेक्शने घ्या, कंप जाईल’ असे सांगून लाखांचा आकडा कागदावर लिहून दिला. स्टेम सेल म्हणजे जिच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशी मूळ पेशी. बेळगावच्या डॉक्टरांनी मात्र मेंदूत तार बसवण्याचा विषय काढला. घरात सगळ्यांना इंजेक्शन सोपे वाटले आणि तारेची धास्ती बसली. या दोन्ही उपचारांचा इतिहास पाहिला तर धास्ती नेमकी कशाची घ्यावी, हे कळते.

मामांचा आजार म्हणजे पार्किन्सन, आयुर्वेदातला कंपवात. त्याचे आधुनिक वर्णन 1817 मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी केले. डोपामिन या मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचा शोध मात्र 1957 च्या सुमारास, आर्विद कार्लसन यांच्या प्रयोगांतून लागला. डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात, म्हणून हालचाल आखडते आणि हात कापतो. 1967 पासून, मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या लेव्होडोपा या औषधाच्या मोठ्या डोसांनी माणसे पुन्हा चालू लागली. आपल्या रानात अंगाला खाज सुटवणारी खाजकुइली असते, तिच्या बियांतही हेच द्रव्य असते. पण बियांतले प्रमाण घरी मोजता येत नाही, त्यामुळे घरच्या घरी प्रयोग करू नयेत. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो, आणि असर असतो तेव्हा अंग नको तसे हलते. मामा आज याच टप्प्यावर आहेत.

गोळी येण्याआधीपासून शल्यविशारद मेंदूतला एक बारीक भाग जाळून कंप थांबवत. जागा बरोबर आहे ना, हे जाळण्याआधी सौम्य वीज देऊन तपासत. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद अशीच तपासणी करत होते. सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके दिले आणि कंप थांबला. वीज बंद केली, तो परत आला. मग जाळायचे कशाला? तार तिथेच ठेवावी, असे त्यांनी ठरवले. जाळलेले परत येत नाही, वीज मात्र कमीजास्त करता येते. या उपचाराचे सगळे मोल मला यातच दिसते. अमेरिकेतल्या माहलॉन डिलाँग यांनी माकडांवरच्या अभ्यासातून मेंदूतली आणखी योग्य जागा दाखवली आणि 1993 पासून तिथे तारा बसू लागल्या. अमेरिकेत 1997 मध्ये कंपासाठी आणि 2002 मध्ये पार्किन्सनच्या इतर लक्षणांसाठी मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेत रुग्ण बहुधा जागा असतो. डॉक्टर ‘बोटे उघडा, मिटा’ म्हणतात आणि समोरच हात स्थिर होताना दिसतो. बॅटरी गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवतात. आजार यानेही जात नाही, पण दिवसातले चांगले तास वाढतात.

पेशींची वाट याहून खडतर आहे. आमच्याकडे भाताचे रोप तरव्यातून उपटून चिखलात लावतात, तसे मेलेल्या पेशींच्या जागी नव्या लावायच्या, ही कल्पना. 1979 मध्ये उंदरांवर ती जमली. मग रुग्णाच्याच मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतल्या पेशी मेंदूत घालून पाहिल्या. 1987 मध्ये मेक्सिकोतून चांगली बातमी आली आणि जगभर अशा शस्त्रक्रियांची लाट उसळली. पण गुण टिकला नाही आणि ती ओसरली. स्वीडनमधल्या लुंड इथे गर्भातल्या पेशी लावल्या, तेव्हा काही रुग्णांना वर्षानुवर्षे फायदा झाला. खरी कसोटी 2001 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लागली. 40 रुग्णांपैकी निम्म्यांच्या कवटीला तुलनेसाठी नुसतीच छिद्रे पाडली, पेशी घातल्याच नाहीत. साठीच्या पुढच्यांना फायदा दिसला नाही. पेशी मिळालेल्या काहींचे अंग तर गोळी बंद करूनही आवरेना. पुढे 2008 मध्ये दिसले, की जुन्या लावलेल्या पेशींतही आजाराच्या खुणा उमटतात.

आशा पुन्हा जागवली ती जपानच्या शिन्या यामानाका यांनी. प्रौढ पेशीला मूळ पेशीसारखे करण्याची रीत त्यांनी 2006 मध्ये दाखवली. क्योतो इथे 2018 मध्ये अशा पेशींपासूनचे रोप पहिल्या पार्किन्सन रुग्णाच्या मेंदूत लावले. 2025 मध्ये सात रुग्णांचे निष्कर्ष आले: दोन वर्षांत गंभीर अपाय नाही, काहींत सुधारणा. आणि तेही मेंदूतल्या ठरलेल्या जागी सुईने पेशी सोडून. आम्हाला सांगितलेले इंजेक्शन कमरेत द्यायचे होते. तिथून पेशी मेंदूत कशा पोहोचणार, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसारखे अपवाद सोडले, तर स्टेम सेल मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत.

आजीच्या काळी मोठे दुखणे म्हणजे मिरजेचे मिशन हॉस्पिटल. आता तपासणी बेळगावातच होते. तार बसवायची की नाही हे ठरवण्याआधी डॉक्टरांनी मामींना एक वही घालायला सांगितली आहे: गोळी किती वाजता घेतली, हात कधी सुटला, पाय कधी अडखळला. परवाची नोंद अशी : ‘8 ला गोळी. 8.40 ला सही केली. 11 ला उंबऱ्यात पाय अडला.’