हायड्रॉलिक क्लच रिलीज बेअरिंग

मॅन्युअल गिअरच्या मोटारीत द्रवाच्या दाबाने पुढे सरकून क्लच सोडवणारे बेअरिंग. जुन्या रचनेत पेडलची ओढ केबलमधून फोर्कपर्यंत (दुबेळक्या तरफेपर्यंत) जाई आणि फोर्क बेअरिंगला रेटत असे. येथे फोर्कच नाही. स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडून आलेल्या द्रवाने ज्याचा दट्ट्या सरकतो तो) व बेअरिंग मिळून एकच भाग होतो आणि तो बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाच्या, आत बसतो. सिलिंडर कड्यासारखा असतो. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची फिरकी आत आणणारा दांडा) त्याच्या मधून आरपार जातो.

पेडल दाबले की त्याला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ब्रेक ऑइल नळीतून पुढे लोटतो. स्लेव्हच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टरच्या चौपट धरले, तर जोर चौपट मिळतो आणि सरकण्याचे अंतर पाव होते. त्यामुळे पेडल बरेच खाली गेले तरी बेअरिंग काही मिलिमीटरच हलते. तेवढ्याने डायफ्राम स्प्रिंगची (थाळीसारख्या स्प्रिंगची) बोटे आत दबतात, क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे हटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. बोटे इंजिनाबरोबर फिरत असतात, दट्ट्या फिरत नाही. बेअरिंगचे एक कडे बोटांना टेकते, दुसरे दट्ट्यावर बसते.

या रचनेची खरी खुबी झिजेच्या वेळी दिसते. क्लच प्लेट झिजत गेली की बोटे हळूहळू गिअरबॉक्सच्या बाजूला येतात व दट्ट्याला मागे ढकलतात. जादा ऑइल टाकीत परत जाते. केबलसारखा ‘प्ले’ (पेडलची मोकळी चाल) अधूनमधून जुळवावा लागत नाही. मात्र हलक्या स्प्रिंगमुळे बेअरिंग बोटांना सतत टेकलेले असते आणि इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहते.

सील गळू लागले की पेडल खाली बसते, गिअर पडत नाही आणि बेल हाउसिंगच्या तळाशी ओल दिसते. ऑइल क्लच प्लेटवर उडाले तर क्लच घसरतो. नळीत हवा शिरली तर पेडल स्पंजासारखे लागते. मग हवा काढावी लागते. अनेक मोटारींत क्लच व ब्रेक यांची ऑइलची टाकी एकच असते, पण क्लचची नळी वरच्या पातळीवरून निघते, म्हणजे क्लच गळाला तरी ब्रेकपुरते ऑइल उरते. टाकीत चुकूनही इंजिन ऑइल ओतू नये, सीलचे रबर फुगते.

भाग लहान, पण बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून क्लच प्लेट बदलताना, जुने बेअरिंग चांगले वाटले तरी, तेही बदलणेच शहाणपणाचे. नवे बसवताना गिअरबॉक्स इंजिनाला जोडण्याआधी पेडल दाबून पाहू नये: समोर बोटांचा अडसर नसल्याने दट्ट्या मर्यादेपलीकडे जातो आणि कोरे सील तिथेच निकामी होते.