पेवात उतरण्याआधी

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत. तोंड अरुंद, पोट मोठं, वरून लिंपून बंद. आतला ऑक्सिजन घटतो म्हणून हळदीला कीड लागत नाही. त्याच कारणानं पेवात घाईनं उतरलेला माणूस दगावतो. त्यामुळे आधी पेटता कंदील सोडून पाहत. पण ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आल्यावर. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली धोका मानतात. म्हणून कंदिलाऐवजी ऑक्सिजन मोजणारं यंत्र हवं, आणि त्याला हा जेमतेम दीड टक्क्याचाच फरक कळायला हवा.

अशा यंत्राच्या सेन्सरमध्ये टिन ऑक्साइडसारख्या अर्धवाहकाचा, म्हणजे वीज अर्धवटच वाहू देणाऱ्या पदार्थाचा, पातळ थर असतो. तो ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला तापवला की ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागावर बसतो, थरातले इलेक्ट्रॉन अडकवतो आणि थराचा विजेला होणारा रोध वाढतो. ऑक्सिजन घटला की रोध उतरतो. जुन्या धाटणीच्या सेन्सरचा हीटर सुमारे ८०० मिलिवॉट खातो. १० वॉट-तासांचा सेल साडेबारा तासांत संपतो.

म्हणून सिलिकॉनवर त्याच्याच ऑक्साइड-नायट्राइडचा एखाद मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा पडदा चढवतात, त्यावर प्लॅटिनमचा नागमोडी हीटर काढतात आणि मागून पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं सिलिकॉन कोरून टाकतात. पडदा अधांतरी राहतो, उष्णता खाली झिरपत नाही, २० मिलिवॉट पुरतात. ऑक्साइड दाबलेल्या अवस्थेत असतं, नायट्राइड ओढलेल्या. जाडीचं प्रमाण चुकलं की पडदा फुगतो किंवा तडकतो. दहा सेकंदांत एकच सेकंद हीटर चालवला तर सरासरी २ मिलिवॉट. निव्वळ हीटरच्या हिशेबानं तोच सेल सहा महिन्यांहून जास्त टिकेल. मात्र थंड थरावर ओल जमते, ती उडायला वेळ लागतो. म्हणून रोध त्या सेकंदाच्या शेवटी मोजावा.

खरी कसोटी वीज वाचवण्यात नाही, तापमान धरून ठेवण्यात आहे. रोध ऑक्सिजनच्या दाबाच्या चतुर्थ मुळाप्रमाणे (वर्गमुळाच्या वर्गमुळाप्रमाणे) बदलतो असं धरलं, तर २०.९ वरून १९.५ वर येताना तो जेमतेम पावणेदोन टक्के उतरतो. थराचं तापमान एका अंशानं सरकलं तरी जवळपास तितकाच फरक पडू शकतो. प्लॅटिनमचा रोध तापमानासोबत वाढतो, तेव्हा त्या हीटरलाच तापमापक करून वीज क्षणोक्षणी जुळवावी लागते. दमट हवा आणि अल्कोहोलच्या वाफाही रोध उतरवतात, म्हणजे नसलेला धोका दाखवतात. शेजारी आर्द्रतेचा सेन्सर हवाच.

हा थर टक्केवारी ओळखत नाही, ऑक्सिजनचा दाब ओळखतो. सांगलीत, सुमारे ५५० मीटर उंचीवर जुळवलेलं यंत्र १३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला नेलं तर मोकळ्या हवेतही १९ च्या आसपास दाखवून भोंगा वाजवेल. हवेचा दाब मोजणारी चिप जोडली की हा घोळ मिटतो.

पेवात यंत्र दोरीनं थेट तळापर्यंत सोडावं आणि आकडा स्थिरावू द्यावा. कार्बन डायऑक्साइड जड असल्यानं तळाशी साचतो. त्यासाठी सेन्सर वेगळाच लागतो, कारण ऑक्सिजन १९.५ च्या वर असतानाही हा वायू घातक पातळीला पोचलेला असू शकतो.