पॉइंट कमी मिळणं वेगळं, पॉइंटची किंमत उतरणं वेगळं

क्रेडिट कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंटमध्ये बदल होणार अशी मेल आली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. अर्ध्या तासात कुणीतरी 'डिव्हॅल्युएशन!', म्हणजे पॉइंटची किंमत उतरली, म्हणून बोंब ठोकतं, आणि त्याच्यामागे दहा जण विचारतात, 'मग साठलेले पॉइंट उडवून टाकू का?' बदल नेमका कशात झालाय, हे त्या दहातल्या एकानेही वाचलेलं नसतं. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता एकदाच लिहून टाकतो.

पॉइंट मिळतात कसे, हे तुम्हाला माहीत आहे. खर्च केला, पॉइंट जमा झाले. किराण्यावर किती, पेट्रोलवर शून्य का, कुठल्या साइटवरून घेतलं की पाचपट, हे कार्ड वापरणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. गंमत अशी की त्याच माणसाला एका पॉइंटची किंमत विचारली की तो गडबडतो. गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

एक साधा हिशोब घ्या. १०० खर्चले की ४ पॉइंट, आणि एका पॉइंटचे चार आणे. म्हणजे परतावा १ टक्का. आता कार्ड कंपनीने ४चे २ पॉइंट केले, तर परतावा अर्धा टक्का होतो. किंवा ४ पॉइंट तसेच ठेवले आणि चार आण्यांचे दोन आणे केले, तरी परतावा अर्धा टक्काच. आकडा तोच येतो, म्हणून लोक दोन्हीला एकच नाव देऊन मोकळे होतात. कार्डांच्या तुलनेचे तक्तेही बहुतेक एवढ्यावरच थांबतात. पण हा आकडा फक्त इथून पुढच्या खर्चाचा आहे. तुमच्या खात्यात आधीच पडलेल्या ८०,००० पॉइंटचं काय? पहिल्या बदलात त्यांचे २०,००० रुपये होते, ते २०,०००च राहिले. दुसऱ्यात ते १०,००० झाले, आणि तुम्ही त्या महिन्यात कार्ड पाकिटातून बाहेरही काढलं नव्हतं.

बदल कुठल्या जातीचा हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: जो माणूस आजपासून या कार्डावर एक पैसाही खर्च करणार नाही, त्याचं यात काही नुकसान आहे का? नसेल, तर घटलाय तो फक्त मिळण्याचा दर. असेल, तर साठलेल्या पॉइंटची किंमत उतरली आहे. महिन्याला अमुकच पॉइंट ही मर्यादा, घरभाडं किंवा वॉलेट भरण्यावर पॉइंट बंद, मोठ्या खर्चावरचा बोनस रद्द, या साऱ्यांना तो माणूस हसतो. पण पॉइंटची मुदत कमी केली, पॉइंट वापरायला (रिडीम करायला) शुल्क लावलं, बुकिंगचे निम्मेच पैसे पॉइंटांनी भरता येतील असं सांगितलं किंवा विमान कंपनीच्या मैलांत, म्हणजे तिकिटासाठी चालणाऱ्या तिच्या पॉइंटांत, बदलण्याचं प्रमाण घटवलं, की त्यालाही फटका बसतो. बँका असा बदल मेलमध्ये खालच्या परिच्छेदात टाकतात आणि वर ठळक अक्षरांत 'अधिक सोपी रिवॉर्ड योजना' लिहितात, ही माझी जुनी चीड. 'सोपी' शब्द दिसला की मी थेट खाली जातो.

दोन्ही बदल एकाच दिवशी आल्याचं उदाहरण भारतातलंच आहे. १ सप्टेंबर २०२३पासून ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावरचा मासिक २५,००० पॉइंटचा बोनस गेला, आणि ५ पॉइंटला ४ मैल मिळायचे त्याचे २ झाले. चर्चा सगळी बोनसची झाली, कारण तो मोठा आणि डोळ्यांत भरणारा होता. पण बोनस गेल्याने कुणाच्या साठलेल्या पॉइंटला धक्का लागला नव्हता. ज्याच्याकडे १ लाख पॉइंट पडून होते, त्याचे ८०,००० मैलांचे ४०,००० झाले ते त्या दुसऱ्या, कोरड्या ओळीमुळे.

दोन्हींमागची कारणंही निराळी. मिळण्याचा दर घटतो तेव्हा सहसा प्रत्येक व्यवहारातली कमाई आटलेली असते. दुकानदाराच्या बाजूने जे इंटरचेंज शुल्क कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतं, त्यातूनच पॉइंटचा बराचसा पैसा येतो. २००३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने या शुल्कावर मर्यादा आणली, ते सरासरी ०.९५ टक्क्यांवरून ०.५५च्या आसपास उतरलं, आणि तिथल्या कार्डधारकांना तेवढ्याच रकमेच्या व्हाउचरसाठी आधीपेक्षा जास्त खर्च करावा लागू लागला. युरोपीय संघात २०१५पासून क्रेडिट कार्डाला ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. तिथे घसघशीत रिवॉर्डची कार्डं शोधत बसू नका.

किंमत उतरवण्याचा हिशोब मागच्या खात्याचा असतो. वाटलेला पण न वापरलेला प्रत्येक पॉइंट कंपनीच्या वहीत देणं म्हणून बसलेला असतो. किंमत अर्धी केली की ते देणंही हलकं होतं. म्हणूनच 'पॉइंट साठवून ठेवतोय, पुढे कधीतरी मोठा प्रवास करू' हे ऐकलं की मला कसंतरी होतं. व्याज मिळत नाही, आणि किंमत ठरवणारा समोरचा. असं खातं बँकेत उघडायला सांगितलं असतं तर तुम्ही दारातूनच परतला असता.

आता लोक काय करतात ते पाहा. दर घटल्याची बातमी आली की घाईघाईने पॉइंट उडवतात, जेव्हा त्या पॉइंटना काहीच झालेलं नसतं. मीही केलंय. मिळण्याचा दर निम्मा झाल्याची मेल वाचली आणि त्याच रात्री सगळे पॉइंट, पॉइंटांच्या बदल्यात वस्तू देणाऱ्या कॅटलॉगमधल्या एका सूटकेसवर घालवले. बिलात जमा करून घेतले असते तर दुप्पट पैसे सुटले असते, आणि तो पर्याय पुढे दोन वर्षं तसाच सुरू होता. सूटकेसची चेन मात्र दुसऱ्या प्रवासात गेली. कॅटलॉगमधून वस्तू घेऊ नका. यावर मला वाद घालायचा नाही.

दर घटल्यावर करायचं एवढंच: त्या प्रकारचा खर्च दुसऱ्या कार्डावर न्यायचा. पॉइंट जागेवर राहू दे, सवडीने वापरा.

किंमत उतरणार असेल तेव्हा मात्र घाई योग्य, पण तिथे लोक रागावून कार्डच बंद करायला फोन करतात. बऱ्याच योजनांत कार्ड बंद झालं की उरलेले पॉइंट बुडतात. म्हणजे बँक निम्मे घेणार होती, तुम्ही पूर्ण देऊन आलात. दुसरे हुशार लोक शेवटच्या रात्री सगळे पॉइंट कुठल्यातरी विमान कंपनीच्या मैलांत ओततात. प्रवास ठरलेला असेल, तारखा आणि सीट डोळ्यांसमोर असेल, तर जरूर ओता. नाहीतर हे आगीतून फुफाट्यात जाणं आहे. गेलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत, आणि विमान कंपनीही आपल्या मैलांची किंमत हवी तेव्हा बदलते, शिवाय तिची मुदत वेगळी. प्रवास ठरलेला नसेल तर जुन्या दराने थेट बिलात जमा करून घ्यावेत, असं माझं मत. मैलांचे भक्त याला करंटेपणा म्हणतात. म्हणोत.

कॅशबॅक कार्डावर हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, कारण बिलात जमा झालेली रक्कम नंतर कुणी निम्मी करू शकत नाही. घटला तर दर घटतो. ज्याला या मेल वाचायचा कंटाळा आहे त्याने तेच घ्यावं.

विमानतळावरचे लाउंज, वार्षिक फी, सदस्यत्वाचे दर्जे यांचे बदल या दोन्हींत मोडत नाहीत, त्यावर फार लिहीत नाही. फक्त तिथे ओरडा कधीकधी चालतो. २०२३च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने लाउंजचे आणि दर्जाचे नियम आवळले, गदारोळ झाला, आणि ऑक्टोबरात त्यातले काही सैल करावे लागले. ते नियम लागू व्हायचे होते आणि लोकांच्या हातात पुढचा खर्च होता. साठलेल्या पॉइंटच्या बाबतीत तुमच्या हातात फक्त ती तारीख असते. तेव्हा मेलमध्ये आधी ती शोधा, तिच्या आत पॉइंट वापरा, बिलात रक्कम जमा झालेली पाहा, आणि बंदच करायचं असेल तर त्यानंतर फोन लावा.