हांगुल संकेतन आणि कोरियन लोकेल

संगणकाच्या कार्यप्रणालीत कोरियन मजकूर साठवणे, टंकणे, दाखवणे आणि शब्दकोशाच्या क्रमाने लावणे यांसाठी केलेली व्यवस्था. तिचा जवळजवळ सगळा इतिहास एका वादाचा आहे: हांगुल या कोरियन लिपीतले अक्षर सबंध साठवायचे की सुट्या अवयवांत?

हांगुलमध्ये व्यंजने आणि स्वर एका चौकोनात बसवून अक्षर बनते. आरंभी १९ व्यंजने, मध्ये २१ स्वर, शेवटी २७ पर्याय किंवा रिकामी जागा. म्हणजे एकूण ११,१७२ अक्षरे शक्य. दक्षिण कोरियाच्या केएस सी ५६०१ या १९८७ च्या प्रमाणाने त्यांतली २,३५० तयार अक्षरेच घेतली आणि ४,८८८ जागा मात्र हांजाला, म्हणजे चिनी अक्षरांना दिल्या. युनिक्स या कार्यप्रणालीतले ईयूसी-केआर संकेतन (अक्षरांना अंक देण्याची रीत) यावरच बेतले आहे: रोमन अक्षराला एक बाइट, कोरियन अक्षराला दोन. ही काटकसर महागात पडली. तोम यम या थाई सूपचे नाव लिहायला लागणारे ‘त्तोम’ अक्षर त्या यादीत नव्हतेच.

सुट्या अवयवांतून अक्षर घडवणाऱ्या ‘चोहाप’ पद्धतीत असा प्रश्न नव्हता. तिन्ही अवयवांना पाच-पाच बिट दिले की सोळा बिटांत कोणतेही अक्षर मावते. १९९२ मध्ये ती प्रमाणाला जोडली गेली, पण परिशिष्ट म्हणून. विंडोज ९५ ने उरलेली ८,८२२ अक्षरे जुन्या तक्त्याच्या मोकळ्या जागांत कोंबली (कोडपेज ९४९). अक्षरे मिळाली, पण नुसत्या बाइटक्रमाने लावलेली यादी शब्दकोशाच्या क्रमाशी जुळेना.

युनिकोड या सर्व लिपींच्या समाईक प्रमाणाने १९९६ च्या २.० आवृत्तीत हांगुल जुन्या जागेवरून उचलून नव्या सलग पट्ट्यात, वर्णक्रमाने मांडले. आता संकेतांक गणितानेच निघतो: आरंभीच्या व्यंजनाचा क्रमांक गुणिले २१, अधिक स्वराचा, गुणिले २८, अधिक अंत्याचा, अधिक ४४,०३२. मोजणी शून्यापासून. ‘हान’चे उत्तर ५४,६२०. सुटे अवयवही युनिकोडमध्ये आहेतच. त्यामुळे मॅकवर विघटित रूपात साठवलेले फाइलचे नाव विंडोजवर गेले की अनेकदा विस्कटलेले दिसते. देवनागरीची वाट उलटी: ‘क्ष’ला स्वतःचा संकेतांक नाही, क, हलन्त आणि ष मिळून तो घडतो आणि जोडणीचे काम फाँटकडे जाते.

लोकेलमध्ये, म्हणजे भाषा आणि प्रदेशानुसार ठरलेल्या मांडणीत, संकेतनाखेरीज स्थानिक रिवाजही येतात: तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, वॉनच्या रकमेला दशांश नाही. कोरियन विंडोजवर फोल्डरच्या पत्त्यातली उलटी तिरकी रेघ वॉनच्या चिन्हासारखी दिसते, हे जुन्या सातबिटी प्रमाणाचे उरलेले शेपूट.

टंकनासाठी प्रचलित असलेल्या ‘दुबोलसिक’ कळफलकावर व्यंजनांचा एक संच आणि स्वरांचा एक. आरंभीच्या आणि अंत्य व्यंजनाची कळ एकच असल्याने पुढची कळ दाबेपर्यंत अक्षर पक्के होत नाही. ‘गाग’ टंकून पुन्हा ‘आ’ दाबला की शेवटचा ‘ग’ सुटून पुढे जातो आणि ‘गागा’ उमटते. पडद्यावर क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या या अक्षरांना कोरियन लोक ‘दोक्केबीबुल’ म्हणतात, म्हणजे भुतांचे टेंभे.