पेत्रोस, बेद्रोस आणि एक मासा

एकच भाषा गावोगावी कशी बदलते बघा: अर्मेनियाची राजधानी येरेवान, तिथला पेत्रोस लेबनॉनमधल्या बैरूतच्या अर्मेनियन घरात गेला की बेद्रोस होतो, आणि ग्रिगोरचा होतो क्रिकोर. लिपीतली अक्षरं तीच बरं का, वाचताना आवाज बदलतो.

मेस्रोप माश्तोत्सनं साधारण इ.स. 405 मध्ये ही लिपी केली तेव्हा ब, प, फ अशा तीन आवाजांना तीन वेगळी अक्षरं दिली. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो, तोंडासमोर तळहात धरून प आणि फ म्हणून बघा, फ ला हवा लागते. पूर्व अर्मेनियननं, म्हणजे येरेवानकडच्या बोलीनं, हे तिन्ही आवाज सांभाळले. पश्चिमेकडच्या बोलीत, म्हणजे बैरूतच्या त्या घरात, मात्र प चा ब झाला आणि ब थेट फ मध्ये जाऊन मिसळला. ग चंही तसंच झालं, म्हणजे क्रिकोरमधला तो क सुद्धा खरं तर आपल्या ख च्या जवळचा. त्यामुळे तिकडच्या पोरांना एकाच आवाजासाठी दोन अक्षरं पाठ करावी लागतात, आपल्याकडे श आणि ष चं होतं अगदी तसं! 1915 च्या अर्मेनियन नरसंहारानंतर ही पश्चिमेकडची माणसं लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका अशी पांगली आणि 2010 मध्ये युनेस्कोनं त्यांची बोली धोक्यात आलेल्या भाषांमध्ये घातली, हे वाचून फार वाईट वाटतं.

असंच मलेशियाच्या मलय भाषेत होतं, फक्त तिथे जास्त गंमत शब्दाच्या शेवटाला. मासा म्हणजे 'इकान', पण मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानूत तो 'इकांग' आणि शेजारच्या केलांतानमध्ये 'इकॅ', न गायबच. 'काय' म्हणजे 'आपा', ते केलांतानला 'आपॉ'.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पण केलांतानचीच. 'जालान' म्हणजे रस्ता, 'बर्जालान' म्हणजे चालणं. तिथे रस्त्याचं 'जालॅ' झालं आणि चालण्यातला 'बर' गळून पडला, मग दोन्ही शब्द सारखेच व्हायला हवे होते ना? नाही झाले, कारण गळलेल्या 'बर' नं ज लांबवून ठेवला: 'ज्जालॅ'. आपण पक्का, सज्जन म्हणताना शब्दाच्या मध्ये थांबतो, हे लोक शब्द सुरू करतानाच ज वर थांबतात, आणि तेवढ्या थांबण्यावर रस्ता की चालणं ते कळतं.

1909 च्या ब्रिटिश-सयाम करारात केलांतान ब्रिटिशांकडे गेलं, शेजारचं पट्टाणी सयामकडे म्हणजे आजच्या थायलंडकडे राहिलं, आणि आज सीमेवरच्या गोलोक नदीच्या एका काठाला शाळेत मलय शिकवतात तर दुसऱ्या काठाला थाई, पण 'ज्जालॅ' दोन्हीकडे म्हणतात.